पीटीओ लोडवर घसरायलाय : ट्रॅक्टर तोडायच्या आधी काय काय तपासायचं?

दुधनाकाठ
३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे, ड्युअल क्लचचा. हरभऱ्याची मळणी चालू आहे. हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, पीटीओवर, म्हणजे अवजार चालवणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, जोडलाय. तो रिकामा फिरतो तोवर सगळं ठीक. माल टाकायला लागलं की ड्रमचा आवाज बसतो, इंजिनाचा मात्र बसत नाही. पाच-सात मिनिटं असं चाललं की क्लच हौसिंगकडून (क्लचच्या बंद घराकडून) जळका वास येतो. नांगराला काही तक्रार नाही. भरलेली ट्रॉली चढावर वरच्या गिअरमध्ये ओढतो. मिस्त्री म्हणतो, ट्रॅक्टर तोडून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करून, क्लचच्या दोन्ही प्लेटा आणि त्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट बदला. ज्वारी अजून उभी आहे. तोडायच्या आधी बाहेरून काय तपासता येईल? आणि तोडलाच तर एकदम काय काय बदलून घ्यावं?

बेलहौसिंग
"ड्रमचा आवाज बसतो, इंजिनाचा बसत नाही" यातच निम्मं निदान झालं. लोड झेपत नसता तर इंजिन दबलं असतं, काळा धूर आला असता आणि ड्रम त्याच्याबरोबर मंदावला असता. इंजिन मोकळं पळतंय आणि मागचं मंदावतंय, म्हणजे मधे कुठंतरी निसटतंय. ती जागा शोधायची. क्लच ही त्यातली एकच जागा आहे.

हडंबा_लातूर
आधी हडंब्याचे पट्टे बघा, दादा. मळणी बंद करा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि मग पुलीला हात लावा. पट्टा घसरत असेल तर पुली चटका बसण्याइतकी गरम लागते. पट्ट्याची बाजू काचेसारखी चमकते आणि पुलीच्या खाचेच्या तळाशी पट्टा टेकलेला दिसतो. व्ही पट्टा बाजूंनी धरतो, तळाला टेकला की पकड गेली. वासातही फरक आहे. पट्टा जळला तर रबराचा वास येतो. क्लचच्या प्लेटवरची लायनिंग (घर्षणाचा थर) जळली तर घाटात ब्रेक तापल्यावर येतो तसला.

आरपीएम_५४०
अंदाजावर जाऊ नका, मोजा. बिनस्पर्शाचा डिजिटल टॅकोमीटर बाजारात सहज मिळतो, सोबत चमकती पट्टी येते. शाफ्ट थांबलेला असताना एक तुकडा पीटीओ शाफ्टला चिकटवा, एक क्रँकशाफ्टच्या पुलीला.

ड्रम रिकामा असताना इंजिन आणि पीटीओ दोन्हींचे फेरे घ्या आणि भागाकार करा. समजा इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर असताना पीटीओ ५४० आला, तर गुणोत्तर ३.३३. हे गिअरच्या दात्यांचं गुणोत्तर आहे, लोड आला म्हणून ते बदलू शकत नाही. आता माल टाकताना पुन्हा मोजा. इंजिन १६०० वर आलं तर पीटीओ ४८० दिसला पाहिजे. ४८० असेल तर घसरण नाही, इंजिन कमी पडतंय. ४०० दिसला तर मधले ८० फेरे घर्षणात जळतायत, आणि तोच तुमचा वास.

मोजणारा बाजूला उभा राहील. शाफ्टवर वाकायचं नाही. उपरणं, सैल बाही, पदर यातलं काही जवळ नको.

बालाघाट
सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न म्हणजे सिंगल क्लच की ड्युअल. इथं लिहिलंय म्हणून बरं, पण पुढे वाचणाऱ्यांसाठी सांगतो.

सिंगल क्लचमध्ये चाकाला आणि पीटीओला एकच प्लेट ताकद देते. तिथं नांगर नीट चालतो आणि फक्त पीटीओ घसरतो असं दिसलं तर क्लचवर संशय घेण्याआधी पीटीओच्या गिअरकडे बघा. सरकता गिअर अर्धाच बसतोय का, दाते गोल झालेत का, लिव्हरची गोळी आणि स्प्रिंग ढिली आहे का. तिथली चूक आवाज करते. खट खट खट, आणि लिव्हर हाताला मारतो. प्लेट घसरताना आवाज होत नाही, वास येतो.

ड्युअलमध्ये दोन प्लेटा. मॅसी घराण्याच्या ट्रॅक्टरांत पुढची, फ्लायव्हीलला टेकणारी मोठी प्लेट गिअरबॉक्सची. मागची लहान प्लेट पीटीओची, ती पोकळ शाफ्टवर बसते आणि त्या पोकळ शाफ्टच्या आतून गिअरबॉक्सचा शाफ्ट जातो. म्हणून नांगर उत्तम आणि पीटीओ मेलेला, हे ड्युअलमध्ये सहज घडतं. या रचनेत हायड्रॉलिक पंपही पीटीओच्याच ओळीवर फिरतो. पेडल पूर्ण दाबलं की लिफ्ट थांबते ती त्यामुळेच. तरी लिफ्ट चांगली उचलते म्हणून प्लेट चांगली, असं समजू नका. पंपाला लागणारी ताकद थोडी असते, अर्धी मेलेली प्लेटसुद्धा तो फिरवते.

काळीमाती
पेडलखाली बघितलं का? आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चढलेला चिखल पेडलच्या दांड्यामागे आणि क्रॉस शाफ्टच्या बुशीजवळ वाळून दगड होतो. पेडल वर आलेलं दिसतं, पण शेवटचं बोटभर येतच नाही. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग क्लचच्या फिंगरला (तरफांना) घासत राहतं आणि प्लेटवरचा दाब कमी होतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडा, बुशीला ग्रीस द्या, परतीची स्प्रिंग तुटली नाही ना ते बघा. खर्च शून्य.

बेलहौसिंग
काळीमाती यांनी सांगितलं ते झाल्यावर पेडलची मोकळी चाल मोजा. पेडलशेजारी पट्टी उभी धरा आणि पेडल एका बोटाने दाबा. हलकं हलकं जातं आणि मग एकदम जड लागतं, तिथपर्यंतचं अंतर म्हणजे मोकळी चाल. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना ती २० ते ३० मिमीच्या दरम्यान असते, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या.

ही चाल आपोआप कमी होत जाते, आणि का ते समजून घ्यावं. प्लेट झिजली की पातळ होते, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते. फिंगर तरफेसारख्या असल्यामुळे त्यांची आतली टोकं उलट दिशेला, बेअरिंगकडे येतात. म्हणजे प्लेट जितकी झिजली तितकी चाल संपते. चाल संपली की बेअरिंग कायम टेकून राहतं, प्लेट घसरते, आणखी झिजते. वेळेवर पेडलच्या दांडीचा नट फिरवला असता तर जी प्लेट दोन हंगाम चालली असती, ती दोन आठवड्यांत खलास होते.

मांजरा_खोरं
ड्युअलला एवढ्याने भागत नाही. पेडल अर्धं दाबलं की चाकाची प्लेट सुटते, पूर्ण दाबलं की पीटीओची. या दुसऱ्या टप्प्याचीही सेटिंग असते. क्लच कव्हरवर तीन बोल्ट असतात, त्यांचा गॅप ठरवतो की अर्ध्या पेडलनंतर किती अंतराने पीटीओ सुटावा. गॅप कमी पडला तर ट्रॅक्टर थांबवायला पेडल अर्धं दाबताच पीटीओही ढिला पडतो. जास्त झाला तर पेडल तळाला टेकवलं तरी पीटीओ थांबत नाही आणि लिव्हर टाकताना दाते कुरकुरतात. ज्या ट्रॅक्टरला हौसिंगवर झाकण आहे तिथं न तोडता हे जमतं. डिझेल बंद ठेवून इंजिन हाताने फिरवायचं, एकेक बोल्ट झाकणासमोर आणायचा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिन्ही सारखे करायचे. दोन बरोबर आणि एक चुकला तर प्लेट तिरकी सुटते आणि पेडलला थरथर येते.

रब्बीवाला
हौसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबकळत असते. पिन असते ती भोक मातीने बुजू नये म्हणून. ती हलवा, भोक मोकळं करा आणि खाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर काय आहे ते सांगा. काही नसेल तर उत्तम. काळं आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं मागचं सील. सोनेरी, घट्ट, उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं, म्हणजे इनपुट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या) शाफ्टची सीलं. नुसता कोरडा करडा भुगा पडला तर लायनिंग झिजलीय.

शिवार_हिंगोली
तेल लागलं असेल तर झाकणातून पेट्रोल मारून प्लेट धुता येते. आमच्याकडे सगळेच असं करतात. वरून थोडी विटेची भुकटी. हंगाम निघतो.

बेलहौसिंग
@शिवार_हिंगोली, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. बंद हौसिंगमध्ये पेट्रोलची वाफ, शेजारी स्टार्टर मोटर, आणि तुम्ही उभे कशात, तर हरभऱ्याच्या भुसकटात. स्टार्टरच्या एका ठिणगीवर ट्रॅक्टर, हडंबा आणि खळं एकदम जाईल. दुसरं म्हणजे लायनिंग तेल पिते. वरचं धुतलं तरी प्लेट तापली की आतलं पुन्हा बाहेर येतं, एका दिवसात परत तेच. आणि विटेची भुकटी रिलीज बेअरिंगमध्ये आणि पुढच्या बेअरिंगमध्ये जाते. तेल प्यायलेली प्लेट बदलायचीच असते, आणि सील बदलल्याशिवाय प्लेट बदलण्यात अर्थ नाही.

शिवार_हिंगोली
भुसकटाचं बरोबर बोललात. ते मनात आलं नव्हतं.

आरपीएम_५४०
थोडं लोडबद्दल. पीटीओला इंजिनाच्या एचपीपैकी साधारण ८५ टक्के मिळतात. ३५ चा ट्रॅक्टर म्हणजे मागे जेमतेम ३०. ५४० फेऱ्यांना ३० एचपी म्हणजे शाफ्टवर सुमारे ४०० न्यूटन मीटर पीळ. आता कुणी ५० एचपीला काढलेला हडंबा जोडला आणि ओला माल कोंबला, तर ड्रम अडकताना क्षणभर येणारा झटका याच्या कितीतरी पट असतो. प्लेट तेव्हा घसरते आणि एका अर्थी गिअर वाचवते. दर दहा मिनिटांनी असं झालं तर नवी प्लेटसुद्धा टिकायची नाही.

हडंबा_लातूर
दहिवर पडलेला हरभरा सकाळी आठला टाकूच नका, ऊन चढू द्या. सोयाबीनला तर हे दुप्पट लागू, त्याच्या ओल्या काड्या ड्रमला दोरीसारख्या गुंडाळतात.

पीटीओ लावताना रेस ८०० ते १००० वर ठेवायची, पेडल सावकाश पण एका दमात सोडायचं, ड्रम फिरायला लागला की मग हळूहळू रेस वाढवायची. ड्रम आणि फ्लायव्हील मिळून वजन भरपूर असतं. १५०० वर फटकन सोडलं तर प्लेट त्या वजनाला ओढताना लाल होते. आणि पेडलवर पाय ठेवून बसायची सवय मोडा. जो पोरगा ट्रॅक्टरवर बसून माल टाकणाऱ्यांकडे बघत असतो, त्याचा पाय कुठं आहे ते बघा.

गोदाकाठ
जोडणीचा शाफ्टही बघा. ५४० चा पीटीओ सहा दात्यांचा, ३५ मिमीचा. त्याच्यावरच्या योकचे (जोडणीच्या शाफ्टच्या टोकाचे) दाते आतून झिजले असतील तर इंजिन बंद असताना योक हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा, नव्यात अगदी नावाला खेळ असतो. रोटाव्हेटरच्या शाफ्टला सुरक्षेचा बोल्ट किंवा घसरता क्लच असतो. तोच ढिला असेल तर ट्रॅक्टर निर्दोष आहे. बोल्ट तुटला तर त्याच दर्जाचाच घाला. लोखंडी सळई ठोकली तर पुढच्या वेळी ती तुटणार नाही, गिअर तुटेल.

काळीमाती
विषय निघालाच आहे तर, शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर किती जणांच्या ट्रॅक्टरला शिल्लक आहे? ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. पदर गुंतला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. खळ्यावर बाया माल ओढत असतात, लेकरं फिरत असतात. क्लच दुरुस्त करायला पैसे काढणार असाल तर त्यातच कव्हरही घ्या.

बालाघाट
शंभर टक्के.

मांजरा_खोरं
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला, तोडला तर काय काय. माझ्या मते ट्रॅक्टर तोडायची मजुरी आणि दोन दिवस हाच मोठा खर्च आहे. म्हणून आत गेलेला माणूस दोन्ही प्लेटा, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील आणि इनपुटची सीलं बदलूनच बाहेर येतो. प्रेशर प्लेट मात्र बघून ठरवा. तोंडावर निळे डाग, केसासारख्या चिरा, किंवा पट्टी आडवी ठेवल्यावर खालून उजेड दिसला तर बदला. स्प्रिंगांचा रंग जळून गेला असेल तर त्यांचा जोर गेला. एक जुनी आणि एक नवी अशी स्प्रिंगांची खिचडी करू नका, आणि जोर आणायला स्प्रिंगखाली वॉशर घालणं तर बिलकुल नको.

गोदाकाठ
जुन्या प्लेटला नवी लायनिंग रिव्हेट करून मिळते, निम्म्याहून स्वस्त. ती चालेल का?

मांजरा_खोरं
हब (प्लेटचा मधला, शाफ्टवर बसणारा भाग) सरळ असेल, मधल्या स्प्रिंगा घट्ट असतील आणि शाफ्टवर हबचे दाते खेळत नसतील तर चालते. पण तेल प्यायलेल्या प्लेटची लायनिंग बदलताना पत्रा नीट तापवून साफ करतात का, ते उभं राहून बघा. आणि रिव्हेट बघा. लायनिंगवरून नख फिरवलं की प्रत्येक रिव्हेटशी नख खड्ड्यात पडलं पाहिजे. डोकं सपाटीला आलं असेल तर ते फ्लायव्हीलवर चर पाडणार.

तांब्या-पितळेच्या तुकड्यांच्या बटण प्लेटा काहीजण सुचवतील. त्या उष्णता सोसतात, पण फटकन धरतात. हडंब्यासारख्या जड ड्रमला तो झटका थेट पीटीओच्या गिअरला जातो. जुन्या ट्रॅक्टरला साधी लायनिंगच बरी.

बेलहौसिंग
तोडताना चुका कुठं होतात तेवढं सांगतो, बाकी मिस्त्रीला ठाऊक असतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना, ॲक्सल आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये लाकडी पाचरी ठोका. ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, आणि ट्रॅक्टर सुटल्यावर इंजिन त्या पिनवर आडवं झुकतं. पाचर विसरली तर माणूस दबतो. गिअरबॉक्सखाली पक्की घोडी, इंजिनाखाली चाकांवर सरकणारा जॅक. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर भरवसा नको. जमीन कडक हवी, काळ्या मातीत घोडी बसते, तेव्हा खाली जाड फळी.

क्लचचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा ढिले करा. बसवतानाही तसंच, आणि दोन्ही प्लेटा डमी शाफ्टने (खऱ्या शाफ्टच्या मापाच्या दांड्याने) एका रेषेत धरा. फिंगरची उंची तिन्हींची सारखी, गेजने. फ्लायव्हीलच्या तोंडाला बोट लावू नका, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा. दात्यांना ग्रीस अगदी पुसट.

परत जोडताना शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर अडतात. तिथं बरेचजण बोल्टने ओढून घेतात आणि नव्या प्लेटचा हब वाकतो. गिअर टाका, पीटीओ लिव्हर टाका, मागून एकजण शाफ्ट आणि चाक हळू फिरवेल, दाते आपोआप जुळतात. दोन्ही हौसिंग हाताने टेकल्याशिवाय पाना लावायचा नाही.

दुधनाकाठ
सगळ्यांचं वाचून दोन दिवस तपासलं. पट्टे ठीक, पुली कोमट. योकमध्ये खेळ नाही. पेडलमागे खरंच चिखल वाळलेला होता, मोकळी चाल ६ मिमी भरली.

टॅकोमीटर : रिकामं १८०० ला ५४०. मालावर १६२० ला ३९५.
चिखल काढून चाल २५ मिमी केल्यावर : मालावर १५६० ला ४३०.

रात्री पुठ्ठा ठेवला होता. सकाळी दोन रुपयांच्या नाण्याएवढे तीन डाग. सोनेरी, घट्ट.

आरपीएम_५४०
१६२० ला ४८६ पाहिजे होते, म्हणजे ९१ फेरे जात होते. आता १५६० ला ४६८ पाहिजेत, ३८ जातायत. इंजिन आधीपेक्षा जास्त दबलं, हे चांगलं लक्षण, लोड आता त्याच्यापर्यंत पोचतोय. पण घसरण उरलीच आहे.

रब्बीवाला
सोनेरी म्हणजे गिअरबॉक्सकडून. तोडायच्या आधी गिअरबॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) बघा. मळणीच्या धुळीने तो बुजतो, आत हवा तापून फुगते आणि तेल सीलातून बाहेर ढकलते. तेलाची पातळीही काठीवर बघा, खुणेच्या वर असेल तर तेही कारण. ब्रीदर बुजलेला ठेवून नवं सील घातलं तर तेही गळेल.

बालाघाट
मिस्त्रीला सांगून ठेवा, इनपुटला सीलं दोन आहेत. एक पोकळ शाफ्टच्या बाहेरून, दुसरं पोकळ शाफ्टच्या आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. बाहेरचं समोर दिसतं म्हणून तेवढंच बदलतात. आतलं राहिलं तर तेल दोन शाफ्टांच्या मधून थेट प्लेटांवर येतं. सील जिथं घासतं तिथं शाफ्टवर नखाला चर लागतो का बघा. लागला तर सील दोनेक मिमी मागे-पुढे बसवा, नाहीतर शाफ्टवर पातळ बाही चढवा.

दुधनाकाठ
ब्रीदर बुजलेलाच निघाला, डिझेलने धुऊन मोकळा केला. तेल खुणेवर आहे. हरभऱ्याचं जेवढं राहिलं तेवढं निम्म्या मालाने, उन्हात काढतो. ज्वारीला भाड्याचा हडंबा त्यांच्याच ट्रॅक्टरसकट सांगितला. त्या चार दिवसांत हा तोडायचा. दोन्ही प्लेटा, रिलीज आणि पायलट बेअरिंग, क्रँकचं सील, इनपुटची दोन्ही सीलं लिहून दिली. प्रेशर प्लेट उघडल्यावर पट्टी ठेवून ठरवतो. शाफ्टचं कव्हरही यादीत घातलं.

हडंबा_लातूर
निम्म्या मालानेही रेस पूर्ण ठेवा, दादा. रेस कमी करून चालवलं तर त्याच कामाला पीळ जास्त लागतो आणि प्लेट अजून घसरते.

बेलहौसिंग
आणि नवी प्लेट बसल्यावर पहिले दोन-तीन तास हलका लोड द्या. आठवड्याने मोकळी चाल पुन्हा मोजा, नवी लायनिंग बसताना ती थोडी उतरते.